'जन्मजात असेल तर स्वीकारू' ही अट का टिकत नाही

प्रश्न एका आईचा आहे. मुलगा २४ वर्षांचा, पुण्यात नोकरीला. दिवाळीला घरी आला तेव्हा त्याने सांगितलं, की मला मुली आवडत नाहीत, मुलगेच आवडतात, माझ्यासाठी स्थळं बघू नका. तेव्हापासून घरात नीट बोलणं नाही. वडिलांचं म्हणणं असं, की देवानेच जन्मतः असं घडवलं असेल तर आपला इलाज नाही, सांभाळून घेऊ. पण हॉस्टेलमध्ये लागलेली सवय असेल, किंवा त्यानेच हे निवडलं असेल, तर त्याने बदललंच पाहिजे. आईने शेवटी लिहिलंय, 'लहानपणी मी त्याला हौसेने फ्रॉक घालायचे. त्यामुळे तर नाही ना झालं?'

ताई, फ्रॉकमुळे झालेलं नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण पुढचं सगळं वाचून होईपर्यंत तुम्ही ते ओझं घेऊन बसावं असं मला वाटत नाही. आपल्याकडे कितीतरी घरांतल्या जुन्या अल्बममध्ये फ्रॉक घातलेल्या, जावळाच्या दोन शेंड्या बांधलेल्या, गालाला तीट लावलेल्या मुलाचा फोटो असतो. मुलगी हवी होती, मावसबहिणीचे कपडे आले होते, नुसती हौस होती, कारण काहीही असेल. ते मुलगे मोठे झाले, बहुतेकांनी मुलींशी लग्नं केली, संसारात रमले. आईने फार लाड केले, वडील नोकरीसाठी लांब राहिले, घरात बहिणीच बहिणी होत्या, यातल्या कशानेही मुलाचा लैंगिक कल ठरत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या काही मनोविश्लेषकांनी 'वरचढ आई आणि अलिप्त बाप' असा सिद्धान्त मांडला होता. तो त्यांनी उपचारासाठी आपल्याकडे आलेल्या लोकांवरूनच बांधला होता, आणि पुढच्या काटेकोर अभ्यासांत तो टिकला नाही. पण तेवढ्या काळात असंख्य आयांना त्याने अपराधी करून ठेवलं. तुम्ही त्या रांगेत उभं राहायचं कारण नाही.

आता निवडीचं बोलू. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, आणि समलिंगी मुलगे-मुली माझ्याकडे येतात ते बहुतेक वेळा दुसरीच तक्रार घेऊन: झोप नाही, छातीत धडधडतं, अभ्यासात लक्ष नाही. दोन-तीन भेटींनंतर खरं बाहेर येतं. विचार करून एके दिवशी असं व्हायचं ठरवलं, असं मला आजवर एकानेही सांगितलेलं नाही. सांगतात ते सगळं असं न होण्यासाठी केलेल्या धडपडीचं असतं. शनिवारचे उपास, मारुतीला तेल, देवासमोर हातावर पाणी सोडून घेतलेली शपथ, यूट्यूबवर बघून सुरू केलेला ब्रह्मचर्याचा वर्ग, मुद्दाम एखाद्या मुलीशी जमवलेलं प्रेमप्रकरण आणि तिला फसवल्याची पुढे कायम टोचणारी भावना. निवडता आलं असतं, तर यांतल्या बहुतेकांनी विसाव्या वर्षाच्या आतच दुसरं काहीतरी निवडलं असतं. तुमच्या मुलानेही तुम्हाला सांगण्याआधी बरीच वर्षं हे स्वतःशीच झगडून पाहिलेलं असणार. त्याला एकदा शांतपणे विचारा, 'तुला कधीपासून माहीत होतं?' बहुधा तो आठवी-नववीतली एखादी गोष्ट सांगेल.

हॉस्टेलची शंका जवळजवळ प्रत्येक बाप घेतो, म्हणून तिच्यावर जरा थांबते. ओढ कुणाची वाटते, संबंध प्रत्यक्ष कुणाशी आला आणि माणूस स्वतःला काय म्हणवतो, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हॉस्टेलमध्ये, तुरुंगात, बोटीवर, जिथे एकाच लिंगाची माणसं महिनोन्महिने कोंडलेली असतात तिथे आपसांत लैंगिक गोष्टी घडतात. बाहेर पडल्यावर त्यातले बहुतेक स्त्रियांकडेच वळतात, कारण त्यांची ओढ तिकडचीच होती. याचं एक ठळक उदाहरण पापुआ न्यू गिनीतलं आहे. तिथल्या डोंगराळ भागात एक जमात आहे, मानववंशशास्त्रज्ञ गिल्बर्ट हर्ड्ट यांनी तिला 'साम्बिया' असं नाव देऊन तिचा अभ्यास केला. तिथे मुलगे वयात येण्याआधीपासून पुढे कित्येक वर्षं पुरुष-पुरुष लैंगिक विधींतून जात असत, तेही सगळ्यांना सक्तीने. सवयीने माणूस समलिंगी होत असता तर ती अख्खी जमात तशी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात त्यातले बहुसंख्य पुरुष पुढे बायकांशी लग्न करून संसार करत. वर्षानुवर्षांची सक्ती जे करू शकली नाही, ते इंजिनीअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलची चार वर्षं करतील हे पटण्यासारखं नाही. इतकंच होतं की घरापासून लांब गेल्यावर मुलाला स्वतःकडे बघायला पहिल्यांदा एकांत मिळतो, आपल्यासारखा दुसरा कुणी भेटतो. म्हणून घरच्यांना वाटतं की ते तिथे सुरू झालं.

लहानपणी कुणी काही वेडंवाकडं केलं असेल का, हीही शंका येते. असे अत्याचार झालेले बहुसंख्य मुलगे पुढे स्त्रियांकडेच आकर्षित होतात, आणि माझ्याकडे आलेल्या कितीतरी समलिंगी मुलांच्या वाट्याला असं काहीही आलेलं नव्हतं. तरीही तसं घडलं असल्याचं तुमच्या मुलाने कधी सांगितलं, तर तो अत्याचार म्हणूनच ऐका. त्याच्या आवडीचं कारण म्हणून त्याचा वापर करू नका, नाहीतर तो परत कधी बोलणार नाही.

मग हे येतं कुठून? तुमच्या यजमानांना पुरावा हवा आहे, तर जेवढा पक्का आहे तेवढा देते. १९९१ साली मायकेल बेली आणि रिचर्ड पिलार्ड या अमेरिकन संशोधकांनी भावाभावांचा अभ्यास केला. एक भाऊ समलिंगी असेल तर त्याचा हुबेहूब दिसणारा जुळा भाऊही तसा असण्याचं प्रमाण ५२ टक्के आलं, साध्या जुळ्यांत २२ टक्के आणि दत्तक भावांत ११ टक्के. त्यांनी माणसं जाहिराती देऊन गोळा केली होती, त्यामुळे आकडे फुगलेले होते. पुढे २०१० मध्ये स्वीडनच्या राष्ट्रीय जुळ्यांच्या नोंदींवरून हिशोब मांडला गेला, तेव्हा पुरुषांमधल्या फरकातला साधारण एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग अनुवंशाकडे गेला, स्त्रियांमध्ये त्याहून बराच कमी. २०१९ मध्ये पावणेपाच लाखांहून जास्त लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात समलिंगी संबंधांशी नातं सांगणाऱ्या जनुकांतल्या पाच जागा ठामपणे सापडल्या, प्रत्येकीचा प्रभाव अगदी बारीक. 'गे जीन' असं काही एक नाही, आणि रक्त तपासून कुणाचा कल सांगता येत नाही. कुठली लॅब असा अहवाल देते म्हणाली तर पैसे घालवू नका.

अनुवंश पूर्ण कारण नाही म्हटलं, की लोक लगेच 'म्हणजे संगत' म्हणतात. इथेच मोठी गफलत होते. जनुकांखेरीज जे उरतं त्यातलं बरंच काही आईच्या पोटात घडतं. रे ब्लँचर्ड आणि अँथनी बोगार्ट यांनी १९९६ मध्ये दाखवलं, की मुलाला जितके थोरले भाऊ जास्त तितकी तो समलिंगी असण्याची शक्यता थोडी वाढते, दर भावामागे साधारण एक तृतीयांशाने. मुळात ती १०० मध्ये २ असेल तर एका थोरल्या भावाने पावणेतीनच्या आसपास जाते. म्हणजे चार भावांतल्या धाकट्याबद्दलही पैज लावाल तर तो भिन्नलिंगी असण्यावरच लावावी लागेल. पण कारणाच्या दृष्टीने ही गोष्ट फार बोलकी आहे. २००६ मध्ये बोगार्ट यांनी एकत्र न वाढलेले सख्खे भाऊ आणि एकाच घरात वाढलेले सावत्र किंवा दत्तक भाऊ वेगवेगळे तपासले. परिणाम दिसला तो फक्त त्याच आईच्या पोटी आधी जन्मलेल्या भावांचा, मग ते दुसऱ्या गावी का वाढलेले असेनात. घरातल्या वातावरणाचा नाही. मुलाच्या गर्भातलं एक प्रथिन आईच्या शरीराला परकं वाटतं, तिच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढच्या मुलाच्या मेंदूच्या घडणीवर त्यांचा परिणाम होतो, असा तर्क आहे. २०१८ मध्ये समलिंगी मुलग्यांच्या आयांच्या रक्तात त्या प्रतिपिंडांचं प्रमाण जास्त असल्याचं आढळलं. तर्क अजून पूर्ण सिद्ध झालेला नाही, आणि तो सगळ्या समलिंगी पुरुषांना लागू पडतच नाही. पहिल्याच बाळंतपणातले समलिंगी मुलगेही भरपूर आहेत.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. काही मुलग्यांचं लिंग जन्मतःच नीट तयार झालेलं नसतं. गेल्या शतकात अशा काही बाळांवर शस्त्रक्रिया करून त्यांना मुली म्हणून वाढवलं गेलं: मुलीचं नाव, मुलीचे कपडे, मुलीसारखं वागवणं. अशा नोंदी मोजक्याच आहेत, पण मोठेपणीची माहिती जिथे मिळाली तिथे त्यांची ओढ स्त्रियांकडेच निघाली. जन्मापासून मुलगी म्हणून वाढवूनही त्यांना पुरुष आवडायला लागले नाहीत. तुमचा फ्रॉक तर पहिल्या वाढदिवसानंतर कधीतरी ट्रंकेत गेला असेल.

स्त्रियांच्या बाबतीत चित्र थोडं अधिक गुंतागुंतीचं आहे, आणि ते न सांगता पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी समलिंगी आणि बायसेक्शुअल स्त्रियांच्या एका गटाचा दहा वर्षं पाठपुरावा केला. त्यांपैकी बऱ्याच जणींनी त्या काळात स्वतःला लावलेलं नाव बदललं, काहींची ओढही सरकली. काही माणसांना दोन्हीकडची ओढ असते, ती कमीजास्त होते. पण सरकणं वेगळं आणि सरकवणं वेगळं. त्या स्त्रियांनी तो बदल ठरवून केलेला नव्हता, तो होताना त्यांना दिसला.

मातृभाषेचं असंच नाही का? पोटातून कुणी मराठी बोलत येत नाही. तरी मराठी आपण निवडलेलीही नसते. ती आतपर्यंत बसली कधी ते कळत नाही, आणि उद्या कुणी दमदाटी केली म्हणून ठेच लागल्यावर तोंडातून 'आई गं' यायचं थांबत नाही. जन्मजात किंवा निवडलेलं, या दोनच कप्प्यांत माणसाच्या सगळ्या गोष्टी बसत नाहीत. लैंगिक कलाची मुळं बहुधा जन्माच्या आधीपर्यंत जातात असं मला उपलब्ध पुराव्यावरून वाटतं. पण समजा उद्या कुणी दाखवून दिलं की तो तिसऱ्या वर्षी ठरतो, तरी तो मुलाने ठरवला असं होणार नाही, आणि तो चोविसाव्या वर्षी पुसता येईल असंही होणार नाही.

पुसायचा प्रयत्न माझ्याच व्यवसायाने खूप केला, आणि तो इतिहास आई-वडिलांनी माहीत करून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. पुरुषांची चित्रं दाखवून त्याच क्षणी विजेचा झटका द्यायचा, किंवा उलटीचं औषध द्यायचं. आपल्या देशातल्या मानसोपचाराच्या साहित्यातही १९८०च्या दशकापर्यंत अशा उपचारांचे निबंध छापून येत होते. त्यातून काही माणसांची लैंगिक इच्छाच मेली, काहींना सगळ्याच जवळिकीची भीती बसली. ओढीची दिशा बदलली नाही. पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं आजही दिली जातात. एस.टी. स्टँडजवळच्या भिंतीवर 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' लिहिलेल्या दवाखान्यांत जाऊन आलेली मुलं मी पाहते. त्या हार्मोनने इच्छेचा जोर बदलू शकतो, दिशा नाही. सिग्मंड फ्रॉइड यांना १९३५ मध्ये एका अमेरिकन आईने तुमच्यासारखंच पत्र लिहिलं होतं. त्यांनी कळवलं, की यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हा आजार म्हणता येत नाही, आणि बदलाचं वचन मी देऊ शकत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. १९७३च्या त्या निर्णयात पुढाकार घेणारे रॉबर्ट स्पिट्झर यांनीच २००३ मध्ये २०० लोकांच्या फोनवरच्या मुलाखतींवरून 'काहींना बदलता येतं' असा निबंध लिहिला, आणि जगभरच्या 'बरं करून देतो' म्हणणाऱ्यांनी तो डोक्यावर घेतला. २०१२ मध्ये स्पिट्झर यांनी तो निष्कर्ष चुकीचा होता असं मान्य करून समलिंगी लोकांची जाहीर माफी मागितली.

भारतीय मानसोपचार संघटनेनेही २०१८ मध्ये हा आजार नाही असं स्पष्ट केलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे 'बदलाचे उपचार' म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे असं सगळ्या राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं. म्हणजे तुमच्या गावातला कुणी डॉक्टर 'सहा महिन्यांत नॉर्मल करतो' म्हणाला, तर त्याची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते.

इथपर्यंत वाचून तुमचे यजमान कदाचित म्हणतील, ठीक आहे, निवडलेलं नाही ना, मग सांभाळून घेऊ. मला त्याचा आनंद होईल, पण पूर्ण नाही. कारण मला ती अटच मान्य नाही.

आपल्या समाजात 'जन्मजात' या गोष्टीने आजवर कुणाला वाचवलं आहे? मुलगी असणं हे निखालस जन्मजात असतं. कुणी म्हणत नाही की तिने ते निवडलं. म्हणून तिला सांभाळून घेतलं का? गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सगळ्यात आधी, १९८८ मध्ये, कायदा करावा लागला तो आपल्याच महाराष्ट्रात. तरीही २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या १००० मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या. जातीचं तर विचारायलाच नको. तिचा सगळा डोलाराच जन्मावर उभा आहे, आणि जन्माने मिळालेलं आहे हेच कारण देऊन माणसांना शतकानुशतकं पाणवठ्यापासून लांब ठेवलं. जन्मजात असणं ही सन्मानाची हमी असती, तर आपला इतिहास वेगळा झाला असता.

समलिंगी लोकांच्या बाबतीतही हेच घडलेलं आहे. जर्मनीत माग्नुस हिर्शफेल्ड या डॉक्टरने १८९७ पासून हेच सांगितलं, की ही माणसं अशीच जन्मतात, म्हणून त्यांना शिक्षा करू नका. १९३३ मध्ये नाझींनी त्यांच्या संस्थेचं ग्रंथालय जाळलं. १९४४ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत कार्ल व्हेर्नेट नावाच्या डॉक्टरने समलिंगी कैद्यांच्या शरीरात हार्मोनच्या गोळ्या बसवून प्रयोग केले. जन्मजात आहे हे मान्य केलं, की दुसरं वाक्य 'तर मग बिघाड दुरुस्त करू' असंही येऊ शकतं, आणि तिसरं 'तर मग जन्मूच देऊ नका'. पुढेमागे कुणी गर्भाच्या तपासणीतून शक्यता सांगायला लागलं, तर सोनोग्राफीच्या मशीनचं आपण काय केलं ते आठवून बघा.

उलट बाजूनेही पाहा. सगळं जन्मजात क्षम्य असतं असंही नाही. लहान मुलांबद्दल लैंगिक ओढ वाटणारा माणूसही ती ओढ निवडत नसेल. तरी त्याने मुलाला हात लावला तर तो गुन्हाच, कारण मूल संमती देऊ शकत नाही आणि त्याची हानी होते. आणि जे निवडलेलं असतं ते सगळं कमी मोलाचं असतं असंही नाही. धर्म बदलता येतो. बाबासाहेबांनी लाखो लोकांसह नागपूरला तो बदलला. म्हणून निवडलेल्या धर्माचं घटनात्मक संरक्षण कमी होतं का? मोजायचं ते वेगळ्याच मापाने. दोघे सज्ञान आहेत का, दोघांची संमती आहे का, कुणावर जबरदस्ती किंवा कुणाची फसवणूक होते आहे का. हे माप तुमच्या मुलाला लावा, तुमच्या जावयाला लावा, दोघांना सारखंच लावा. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध वगळले. लैंगिक कल नैसर्गिक असल्याचं त्यांनी नोंदवलं, पण निकालाचा पाया समानता, खासगीपणा, अभिव्यक्ती आणि प्रतिष्ठा हा होता. उद्या विज्ञान दुसरीकडे वळलं तरी ती प्रतिष्ठा तशीच राहते.

'हे सगळं मोबाइलमुळे, परदेशातून आलेलं खूळ आहे' असं तुमच्या घरी कुणीतरी म्हणेलच. १९३४ मध्ये मुंबईत र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांनी विचारलेले प्रश्न हस्तमैथुनाचे आणि समलिंगी संबंधांचे होते, आणि कर्व्यांनी शास्त्राला धरून उत्तरं दिली होती. त्यांच्या बाजूने वकील म्हणून डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. पण नव्वद वर्षांपूर्वी, टीव्हीही नसताना, माणसं हाच प्रश्न विचारत होती.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते तिच्याकडे येते. लग्न. 'एकदा लग्न लावून दिलं की सुधारेल' हा सल्ला तुम्हाला मिळालाच असेल, कदाचित एखाद्या डॉक्टरकडूनही.

माझ्याकडे एक बाई झोपेच्या गोळ्या मागायला आली होती. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. नवरा चांगला होता असं तीच म्हणाली: मारत नाही, पीत नाही, पगार हातात देतो. फक्त रात्री भिंतीकडे तोंड करून झोपतो. तिने वजन उतरवलं होतं, पार्लरमध्ये पैसे घातले होते. सासू दर महिन्याला तिची पाळी आली की दोन दिवस बोलणं टाकायची. बोलता बोलता तिने पर्समधून अत्तराची बाटली काढून टेबलावर ठेवली आणि मला जवळ येऊन वास घ्यायला सांगितलं. 'माझ्या अंगाला घाण येते का, खरं सांगा.' दिवसातून तीनदा आंघोळ करत होती ती. नवऱ्याला पुढच्या भेटीत बोलावलं, तेव्हा तो खाली मान घालून बसला. त्याने लग्नाआधीच वडिलांना सगळं सांगितलं होतं. वडील म्हणाले होते, बायको आली की विसरशील.

त्या घरात तीन माणसांचं आयुष्य नासलं, आणि त्यांतल्या एकीचा तर या सगळ्याशी काहीच संबंध नव्हता. तुमचा मुलगा असा आहे हे तुम्हाला आता माहीत आहे. ते लपवून कुणाची मुलगी घरी आणलीत तर ती फसवणूक आहे, नैतिक अर्थाने तर आहेच, पण संमती फसवून घेतली या कारणावरून असं लग्न रद्द करून मागण्याची सोय हिंदू विवाह कायद्यातही आहे. पाहुण्यांना 'तो सध्या लग्नाला तयार नाही' एवढं सांगून थांबा. खरं कारण सांगायचं की नाही, कुणाला आणि कधी, हे त्याला ठरवू द्या. अगदी सख्ख्या बहिणीलाही त्याला विचारल्याशिवाय सांगू नका. एकदा गावभर झालं की ते परत घेता येत नाही, आणि त्याला पुन्हा घरी यावंसं वाटणार नाही.

एक छोटी शंका, जी आया बोलून दाखवत नाहीत: 'म्हणजे तो आता साडी नेसणार का?' तृतीयपंथी किंवा ट्रान्सजेंडर असणं म्हणजे आपण पुरुष की स्त्री याबद्दलची आतली जाणीव जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा वेगळी असणं. तुमच्या मुलाने तसं काही सांगितलेलं नाही. तो पुरुष आहे आणि त्याला पुरुष आवडतात.

मुलाचं मन कसं आहे तेही बघा. जेवण तुटलं असेल, फोन उचलत नसेल, 'माझ्यामुळेच सगळं झालं' असं वारंवार म्हणत असेल, तर वाट बघू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं असेल तर आधी फोन करून एकच विचारा, 'तुम्ही याला आजार मानता का?' उत्तर 'हो' आलं किंवा आढेवेढे घेतले, तर दुसरीकडे जा. त्याच्यावर उपचार करायचे ते उदासीचे, भीतीचे. तशी गरज तुम्हालाही पडू शकते, त्यात कमीपणा नाही.

पुढचं काय, म्हातारपणी त्याला कोण, ही तुमची काळजी खरी आहे, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. दोन पुरुषांचं लग्न आपल्या कायद्यात होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात तो हक्क दिला नाही. पण सोबतीने राहणं गुन्हा नाही. २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केलं, की अशा जोडीदारांना एकत्र बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही. मृत्युपत्र कुणाच्याही नावे करता येतं. घर, विमा, दवाखान्यातला संमतीचा कागद, ही व्यवस्था त्याने लवकर लावावी, आणि त्यात तुमचा हात असेल तर पुढे भाऊबंद आडवे येण्याची शक्यता बरीच कमी होते.

बाकी तुमच्या यजमानांसाठी एक सुचवते. डॉक्टरपेक्षा ते दुसऱ्या बापाचं जास्त ऐकतील. मुंबईत 'स्वीकार' नावाचा समलिंगी आणि ट्रान्सजेंडर मुलांच्या पालकांचा गट आहे, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या समपथिक ट्रस्टने या विषयावर मराठीतून बरंच काम केलेलं आहे. पहिल्या भेटीला मुलाला नेलंच पाहिजे असं नाही. तुम्ही दोघं जा, आणि पहिल्यांदा काहीच बोलावंसं वाटलं नाही तर नुसतं ऐकून या.